बिघाड नाही

कुर्ल्याच्या तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानात
अडीच फूट जागा माझी. भाडं रोजचं.
त्यात दोन हजार आठचा कॉम्प्युटर,
गिऱ्हाइकाला स्टूल,
आणि पाटी : अर्ज भरून मिळतील.

कीबोर्डवरचा ळ पुसून गेलाय.
कांबळे, साळवी, धुमाळ, काळाचौकी,
किती जणांचा ळ गेला या बटणातून
मोजलं नाही.

सोमवारी साइट नवी झाली.
आधी नुसतं पांढरं. मग एक गोल
फिरतोय, फिरतोय, घाण्याच्या बैलासारखा,
तेल काही निघत नाही.
मग खाली एक ओळ, फार नम्र :
आपला ब्राउझर जुना आहे, कृपया अद्ययावत करा.
करायला गेले, तर नवा ब्राउझर म्हणतो,
आपलं मशीन जुनं आहे.

मला हवेत अकरा रकाने आणि एक बटण.
पण आधी मागचं ते हसणारं कुटुंब उतरणार,
मग रकाने.
त्या कुटुंबाला उत्पन्नाचा दाखला लागत नसावा.

हौसाबाई खरात स्टुलावर. नातवाची शिष्यवृत्ती,
मुदत शुक्रवारची.
"झालं का गं?" दर पाच मिनिटांनी.
पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

लॅमिंग्टन रोडचा मुर्तुझा आला. पेटी उघडली,
फुंकर मारली, रॅम काढून खोडरबराने घासली,
परत बसवली.
"बिघाड नाही, ताई. हिला काहीच झालेलं नाही.
पानंच जड झालीत."
पैसे घेतले नाहीत.
घेतले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी झेरॉक्सच्या पोराने मोबाइलवर भरला,
नखाएवढ्या रकान्यांत, अंगठ्याने, पाच मिनिटांत.
दाखला आला गुरुवारी :
हौसाबाई खरत.

त्या पुन्हा स्टुलावर.
मी साधी कोरी फाइल उघडली. लगेच उघडली.
मा. तहसीलदार साहेब,
विषय : आडनावात काना घालून मिळणेबाबत.
महोदय, घाईमुळे माझ्या नावातला एक काना राहून गेला आहे

घाईमुळे. ळ न बघता दाबला.
उमटला.

प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर आला, कोमट.
हौसाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, विचारलं,
"किती द्यायचे?"
मी म्हटलं, राहू द्या.
आणि मग मुर्तुझाची आठवण झाली,
म्हटलं, बरं, दहा द्या.