लोखंड ठेवायला जागा

नायनांचा रंग बदलला तेव्हा
अशोक चौकात सगळे म्हणाले, उन्हानं.
सोलापूरचं ऊन, कुणालाही भाजतं.
पण बनियनच्या आतलं पोटही
तांब्याच्या तपेल्यासारखं झालं होतं.
तिथं ऊन कुठून गेलं
हे कुणी विचारलं नाही.

मग साखर निघाली.
मग उजव्या हाताची दोन बोटं मुळाशी सुजली,
ताण्याचा दोरा तुटला की गाठ मारता येईना.
मग पोटात पाणी.
सिव्हिलमधला शिकाऊ डॉक्टर
केसपेपरवरून मान वर न करता म्हणाला,
किती वर्षं पिताय?

नायना थेंब घेत नव्हते.
मार्कंडेयाची शपथ घेतली त्यांनी.
अम्मानं ती ऐकली, आणि घरातले सगळे डबे उघडून हुंगले.
शिंदीच्या दुकानात जाऊन उधारी विचारून आली.
उधारी नव्हती.
म्हणजे रोखीनं पितो, म्हणाली.
ते गेल्यावरही
हेच म्हणत राहिली, वीसेक वर्षं.

आता यादगिरी, माझा धाकटा. चव्वेचाळीस.
तीच दोन बोटं.
या वेळच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हातात घेतला,
बराच वेळ सोडला नाही,
मग एक वेगळी तपासणी लिहिली.
फेरिटिन दोन हजार आठशे साठ. तीनशेच्या आत हवं.

लोखंड आहे, म्हणाल्या. फार आहे.
खाता तुम्ही चारचौघांसारखंच,
पण आतडं जास्त ओढून घेतं,
आणि टाकून द्यायची वाट शरीराला नाही.
मग ते ठेवत जातं. यकृतात,
स्वादुपिंडात, सांध्यात, काळजात,
जिथं जागा दिसेल तिथं.
जन्मतःच आहे हे.

यादगिरीनं वीस वर्षं जेकार्डचे पत्ते ओवलेत.
म्हणाला, म्हणजे एक भोक चुकीचं पडलंय.
एकानं भागत नाही, त्या म्हणाल्या,
एक पत्ता चुकला तर जोडीचा सांभाळून घेतो.
दोन्ही चुकलेले हवेत.
एक बापाकडून. एक आईकडून.

अम्मा बाकावर होती.
तिला मराठी येतं, डॉक्टरांचं येत नाही.
मी तेलुगूत सांगितलं.
पहिलं: नायना पीत नव्हते.
दुसरं सांगायला
सात रस्त्यापर्यंत रिक्षा यावी लागली.

घरी आल्या आल्या तिनं तवा उचलला,
कढई, उलथणं, विळी,
सगळं पोत्यात भरून अंगणात ठेवलं.
मग भिंतीतला खिळा उपटला.
त्यावर नायनांचा फोटो होता.
तो ठेवायला आता जागा नव्हती,
म्हणून मांडीवर घेऊन बसली,
दिवे लागेपर्यंत.

माझीही तपासणी झाली. माझेही दोन्ही पत्ते चुकलेले.
मग मला कसं काही नाही?
डॉक्टरीणबाई हसल्या.
दर महिन्याला वाहून जात होतं, म्हणाल्या.
म्हणजे ते चार दिवस,
ज्यांत मला मागाला हात लावू देत नव्हते,
तेच मला राखत होते.
आता दोन वर्षं झाली, पाळी गेली.
आता माझी पाळी.

दर पंधरवड्याला आम्ही तिघं रिक्षानं जातो.
यादगिरी मूठ मिटतो, उघडतो,
ती दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत.
पिशवी खाली ठेवलेली, हळूहळू भरते.
शेजारच्या खाटेवर विडी घरकुलातली एक पोर,
ओठ पांढरे, तिची पिशवी वर टांगलेली.
यादगिरीनं विचारलं, माझं तिला चालणार नाही का?
नर्स म्हणाली, असं नसतं ओ.

अम्मानं पिशवीकडे बघून विचारलं,
यात किती निघालं असेल लोखंड?
पाव ग्रॅम.
अम्मानं दोन बोटांत काहीतरी धरल्यासारखं केलं,
आणि म्हणाली,
एवढ्यात खिळासुद्धा होत नाही.