चाळीस नग

अजनीच्या कंटेनर डेपोत माझं काम
वस्तूला आकडा देण्याचं.
आठ आकडे. त्याशिवाय
सरकीची पेंडसुद्धा बंदर पाहत नाही.

मार्चात फाइल आली.
लाकडी पेट्या दोन, नग एक्केचाळीस,
गाव मांगलधरा, वरोऱ्याच्या पुढे,
माल : "गोल दगड, जुने".
घेणारं एक संग्रहालय, समुद्रापलीकडचं.

पाठवणारा म्हणाला, दगड लिहा, अध्याय पंचवीस,
मोकळे व्हा.
साहेबांनी एक उचलून नाकाशी नेला,
का कोण जाणे,
म्हणाले, हाड असेल तर अध्याय पाच.
पेटीच्या तळाशी प्राध्यापकाची चिठ्ठी निघाली :
विष्ठा. डायनासोरची. अश्मीभूत.

आता विष्ठा म्हणजे एकतीस, प्राणिजन्य खत,
युरियाच्या शेजारी.
आणि कुणी काचेच्या कपाटात जपणार असेल
तर सत्त्याण्णव,
तिथं तैलचित्रं, पुतळे, जुनी तिकिटं.
शेण त्या पंगतीला बसवायचं का,
यावर एक अख्खी दुपार गेली
आणि तीन वेळा चहा.

मग मला गावी धाडलं, मूळ जागा बघून ये,
नग मोजून ये.

पंचफुला दडमल कोठ्यात होती,
हात कोपरापर्यंत भरलेले.
मी खिशातला नग पुढे केला.
तिनं अंगठ्यानं त्याचा पीळ चाचपला.
"शेन हाये नं बाप्पा. इचारतं कायले?
अन् जनावर बिमार नोतं.
घट्ट हाये पाह्य. चारा चांगला भेटला असन."
प्राध्यापकानं एवढ्यासाठी
दगडाचे पापुद्र्याएवढे काप केले होते.

तिच्या ओसरीवर बसून रकाने भरले.
वय शंभर वर्षांहून अधिक? होय.
वस्तू वापरलेली की नवी?
इथं पेन जरा थांबलं.
मूळ देश?

हात सवयीनं भा काढायला गेला.
पण चिठ्ठीत होतं, तेव्हा ही जमीन
दक्षिणेच्या समुद्रातून एकटीच सरकत होती.
हिमालय नव्हता, चिमूरचा फाटा नव्हता,
पऱ्हाटी नव्हती, गाय नव्हती,
गवत नुकतं कुठं उगवायला शिकत होतं.
कुणी तरी मोठं खाऊन, उभं राहून,
निवांत पुढे गेलं.
मागे वळून पाहिलं नसणार.
रकान्यात तीनच अक्षरांची जागा.
भारत बरोबर बसलं.

"यादीत एक्केचाळीस. पेटीत चाळीसच भरतात," मी म्हणालो.
"येक बजारात जाते माह्यासंगं."
तराजूच्या पिशवीतून तिनं तो काढला,
तळहातांनी गुळगुळीत झालेला,
एका बाजूला हळदीचा डाग.

"माह्या सासूच्या सासूचा. तव्हा शेर होता तो.
मंग सरकारनं किलो आनला,
तं ह्यालेच किलो केला.
कमी भरते, मालूम हाये.
म्हनून वरून दोन वांगे टाकतो मी.
समदा बजार जानते."

मी काही बोललो नाही.
यादीत एक्केचाळीसवर रेघ मारली,
चाळीस केले, बाजूला सही.
वर्णनात लिहिलं सत्त्याण्णव,
आणि वजनात एक वांगंभर खोट.
म्हणजे लिहिली नाही, लिहिणार होतो.

पाठवणारा फोनवर ओरडला.
भूविज्ञानवाल्यांचं ना-हरकत अजून यायचंय.
पेट्या तीन नंबरच्या शेडमध्ये आहेत,
तांदळाच्या कोंड्याला टेकून,
आणि शेडचं भाडं रोज चढतंय.

येताना बाजारातून किलोभर वांगी घेतली,
तिच्याचकडून.
घरी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली :
एक किलो, चाळीस ग्रॅम.
बायको म्हणाली, यातलं एक किडकं आहे.