त्रेचाळिसावा साचा

अक्रोड मी फोडतो. तेवढंच माझं काम.
सप्टेंबरात हिरवी साल सोलली तेव्हा
बोटं काळी झाली, ती नखांच्या कडेला अजून तशीच.
ब्लाझेना म्हणते, तीस वर्षं ट्राम चालवून
हा माणूस स्वच्छ हातांनी घरी यायचा,
आणि आता पेन्शनीत कोळसेवाला झाला.

बाकी सगळं त्या दोघींचं.
मैदा, लोणी, कोको, चिमूटभर दालचिनी
आणि माझे अक्रोड, इतके बारीक दळलेले
की माझ्या हातोडीचा एकही ठोका
त्यात ओळखू येऊ नये.

साचे समोरच्या द्राहोमीराचे.
पत्र्याचे, अर्ध्या अक्रोडाएवढे, आतून सुरकुतलेले.
सासूनं लग्नात दिले,
दागिने नव्हते म्हणून,
असं ती दर डिसेंबरात सांगायची
आणि आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचो.

एकूण त्रेचाळीस.
त्रेचाळिसावा चेपलेला.
कुणाच्या टाचेखाली आला,
युद्धाआधी की नंतर, यावर दोन मतं.
त्यातून निघायची ती करवंटी तोंडाला वाकडी,
सरळ करवंटीवर बसायचीच नाही.

तीन घाणे व्हायचे. तीन वाकड्या.
दोघी एकमेकींना कशाबशा जुळायच्या,
मध्ये सारणाचा जाड थर देऊन भांडण मिटवल्यासारख्या,
आणि तिसरी उरायची.
ती माझी.
चॉकलेटच्या सारणानं भरून, झाकण नसलेली,
गरम ओव्हनपाशी उभ्यानं खायची.
या पाच मजली इमारतीत
माझ्याइतका तिच्यावर कुणाचाच हक्क नव्हता.

फेब्रुवारीत द्राहोमीराला मुलगा घेऊन गेला, ओस्त्रावाला.
गुडघे. चौथा मजला. लिफ्ट नाही.
आता तिच्या दारात कुणा विद्यार्थ्याची सायकल असते,
तिचं हँडल आमच्या पायपुसण्यावर वळून बघतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बुटांचा खोका आला,
सुतळीनं इतका आवळलेला की सुरीच लागली.
आत वर्तमानपत्र, त्यात साचे,
आणि तिच्या डाव्या हाताच्या कलत्या अक्षरात चिठ्ठी:
बेचाळीस आहेत. मोजत बसू नका.

आम्ही मोजले.

सारणात रम की कॉफी,
हा त्या दोघींचा वीस वर्षांचा वाद.
द्राहोमीरा रमची. ब्लाझेना कॉफीची,
आणि रमच्या वासानं कपाळाला आठ्या घालणारी.
त्या दिवशी मी अक्रोड झटकत होतो,
पाठमोरी ती कपाटाशी वाकली,
आणि स्वयंपाकघरात रमचा वास पसरला.
मी काही बोललो नाही.
बत्तीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलोय.

तीन घाणे झाले. एकशे सव्वीस करवंट्या,
सगळ्या सरळ, सगळ्या गुणी.
त्रेसष्ट जोड्या जुळणार,
एका वेळी एवढी लग्नं कुठल्या चर्चमध्ये लागली नसतील.
उरणार काहीच नव्हतं.
मी ओव्हनपाशी उभा. हात काळे, रिकामे.

मग साच्यातून शेवटची काढताना
माझ्या हातून एक फुटली.
फुटली म्हणजे,
ठोका जरा जोरात बसला.
ब्लाझेनानं चष्म्यावरून बघितलं,
तुकडे पोळपाटावरून ओंजळीत घेतले
आणि जोडीदार हरवलेली ती दुसरी
काठोकाठ भरून माझ्यापुढे धरली.
सारणात रम जास्तच झाली होती.

संध्याकाळी फोन लावला.
"त्रेचाळिसाव्याचं काय करतेस?"
"सकाळची गोळी ठेवते त्यात, ब्लडप्रेशरची.
चेपलाय तिथं बरोबर मावते."
मग म्हणाली, "या वर्षी तुझं उपवासाचं नाताळ."
"छे, एक उरली."
"कशी उरेल? बेचाळीस त्रिक..."
"उरली."

तिकडून बराच वेळ फक्त टीव्हीचा आवाज.
मग म्हणाली,
इथं लिफ्ट आहे. आरसा आहे आत, छान.
दोनदा खाली जाऊन आले आज.
खाली काही नव्हतं.