या कार्डावर तपासलेलं नाही

कोळसा कंपनीच्या लिलावातून घेतलेलं ते मशीन
सायकलरिक्षात माझ्या मांडीवर बसून
सीताबर्डीला आलं. मे महिना.
पत्रा इतका तापलेला
की पँटीतून चटका बसत होता.

त्याच्या पोटात एक लांबलचक कार्ड,
डिस्क आणि बाकी जगाच्या मधला दुभाष्या.
बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली,
चिपवरचं नाव अंगठ्यानं पुसल्यासारखं.

गजघाटे सरांकडे तेवीस फ्लॉप्या होत्या,
पुण्याहून भाच्यासोबत आलेल्या.
सतरावी खराब. ती तीनदा मागवली.
सरांच्या घरी हसायचे:
फुकटच्या सिस्टिमबरोबर काय मिळतं, तर जागरण.

काळ्या पडद्यावर ओळी धावायच्या.
मेमरी सापडली, कीबोर्ड सापडला,
घड्याळ सापडलं,
आणि मग कर्सर तिथंच लुकलुकत.
"काहून बे, डिस्क सापडून नाही राहिली का?"
"नाही सर."
"फिरून तर राहिली."
फिरत होतीच. कान लावला की
आत कुणी सुपारी कातरत बसल्यासारखं.

असे सोळा दिवस.
कूलरचा पंप आणि डिस्क एका सुरात घुमायचे,
लाइट गेली की दोन्ही एकदम गप्प.
आम्ही गॅलरीत.
कोराडी एवढी जवळ, तरी हा अंधार.

मग कंटाळून मी ड्रायव्हरचा कोड छापला.
रिबन संपत आलेली,
आणि त्या फिकट अक्षरांत, आकड्यांच्या बाजूला,
एक माणूस बोलताना सापडला:
या कार्डावर तपासलेलं नाही.
माझ्याकडे हे कार्ड नाही.
कुणाकडे असेल तर कळवा.

मी वाचून दाखवलं.
सर बराच वेळ कागदाची भोकांची पट्टी फाडत बसले.
"म्हंजे त्याले आपली गरज आहे न."

जंपर म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी टोपी.
खालच्या घड्याळवाल्या इफ्तेखारभाईंचा चिमटा आणला.
इंटरप्ट चौदावरून अकरावर.
टोपी एकदा निसटली, कूलरच्या पाण्यात पडली,
फुंकून वाळवली.
आणि कोडमध्ये एक आकडा वाढवला, एवढंच:
जरा थांब, कार्ड म्हातारं आहे.

कंपाइल व्हायला दोन तास सहा मिनिटं.
सर तर्री-पोहे आणायला गेले,
आणि तेव्हाच ती ओळ आली.
डिस्क, एकशेवीस मेगाबाइट.
खोलीत मी एकटा.

मी मशीन बंद केलं.
पुड्याला तेल सुटलेलं, सर जिना चढून आले,
तेव्हा बटण दाबलं
आणि आम्ही दोघांनी ती पहिल्यांदा पाहिली.

पावसाळ्यानंतरच्या आवृत्तीत
तीन ओळींच्या जागी एकच होती:
चालतं. नागपूरहून कळवलं आहे.
गावाचं स्पेलिंग चुकलेलं.
मी दुरुस्ती पाठवतो म्हणालो.
सर म्हणाले, "राहू दे बे.
चालून राहिलं न."