एक बांगडा

म्हापशाच्या बाजारात पियेदादने
बांगड्यांच्या वाट्यावरून हात मागे घेतला.
"एकच? घरात कोण गेलं काय गो?"

कुणी नाही, म्हटलं.
मीच गेले थोडी. एकोणतीस किलो.

ती हसली नाही. डोळ्यांनी मला तोललं,
आणि सुटा बांगडा पानात गुंडाळून दिला
पैसे न घेता,
भेटायला आल्यासारखा.

घरी बशी भातुकलीएवढी,
चमचा भाच्याच्या उष्टावणाचा.
आधी मासा. मग जागा उरली तर भात.
उरत नाही.
पाणी अर्ध्या तासाने.
घास इतका चावायचा
की आधी तिरफळ जिभेला झिणझिण्या आणतं,
मग सोलांचा आंबटपणा, मग काट्यालगतचं गोडसर मांस,
ज्याची चव चाळीस वर्षं मासे खाऊन
मला ठाऊक नव्हती.

पूर्वी मी उभ्यानेच जेवायचे,
सगळ्यांची ताटं उचलता उचलता,
हुमणाच्या कुंडल्यात पाव बुडवून,
कुणी बघायच्या आत.

आता बसते. वीस मिनिटं, तीन चमचे.
चौथा हातात धरून थांबते.
छातीखाली कुणीतरी हलकेच दार लोटतं.

काल हट्टाने तो चौथाही खाल्ला
आणि मोरीपाशी वाकून रडले.

संध्याकाळी वळणावर पोदेराचा भोंगा वाजतो.
मी उठते, पिशवी उघडते
सहा पाव मावतील एवढी.
हाताला अजून कुणी
कळवलेलं नाही.