दहात चार

सकाळी सहाला फ्योर्डवर अजून रात्रच असते.
स्टेनव्होर कॉफी ओतते, रात्रीची नोंद बघते:
कड्यावर सत्तर सेंटिमीटर नवा बर्फ, वारा ईशान्येचा.
मग शाळेत हालवार्दुरला फोन लावते
आणि म्हणते,
"सॉरी हं, इतक्या लवकर. मी आपलं सहज विचारत होते,
म्हणजे चुकतही असेन,
पण जमलं तर आज बस वरच्या रस्त्याने जरा नको का न्यायला?"

"बघू," तो जांभई देत म्हणतो.
बस वरूनच जाते.

मुलांना काही झालं नाही, आधीच सांगते.
कडा सुटला दुपारी दोनला, रिकाम्या रस्त्यावर.
बर्फाने आधी घसाही खाकरला नाही.

त्या रात्री तिने सकाळचं बोलणं कागदावर उतरवलं
आणि बाप कॉड साफ करायचा तशी
सुरी धरली.
'सॉरी' निघालं. 'आपलं', 'सहज', 'जरा', सगळे खवले.
'जमलं तर' निघता निघेना,
ते आईचं होतं;
आई स्वतःच्या टेबलावर मीठसुद्धा
"कुणाला नको असेल तर" म्हणून मागायची.

उरलं एवढंच: वरच्या रस्त्याने बस नेऊ नका.
पाच शब्द. स्वेटर न घालता अंगणात उभे राहिल्यासारखे.

'चुकतही असेन' खोडताना मात्र हात थांबला.
यातलं थोडं तिचं नव्हतंच, बर्फाचं होतं.
सुटायचं की नाही, बर्फालाही ठाऊक नसतं.
तेवढं तिने ठेवलं, पण मोजून.

गुरुवारी पुन्हा तोच वारा.
"हालवार्दुर, स्टेनव्होर बोलतेय.
अशा वाऱ्यात कडा दहात चार वेळा सुटतो.
वरच्या रस्त्याने बस नेऊ नका."
आणि गप्प राहिली.
जिभेवर 'बघा बुवा, तुम्हीच ठरवा' आलं होतं,
ते कॉफीबरोबर गिळलं.

"बरं," तो म्हणाला. "खालून नेतो."

त्या दिवशी कडा जागचा हलला नाही.
संध्याकाळी दुकानात, पावांच्या फळीपाशी,
हालवार्दुर चारचौघांत म्हणाला,
"काय स्टेनव्होर, आज तर काहीच पडलं नाही!"

'सॉरी' ओठापर्यंत आलंच होतं.

"दहात सहा वेळा पडत नाही," ती म्हणाली,
आणि राईचा पाव उचलून
पैसे द्यायला गेली.