आतली कडी

रजेचे सव्वीस दिवस उरलेत.
फ्रिजवरच्या दूधवाल्याच्या कॅलेंडरवर
रोज एक चौकट खोडते मी, पेन्सिलीने.
पेन्सिलीचं काही पुसता येतं, असं उगाच वाटतं.

सातपूरला पहिली पाळी सातची,
पाथर्डी फाट्यावर कंपनीची बस सव्वासहाला.
म्हणजे निहार झोपेत असताना मी निघणार
आणि मी नाही हे त्याला कळेल तेव्हा
विजेचे मीटर तपासत असेन,
हिरवा दिवा लागला की पुढचा.

श्रीरंग म्हणतो, पाळणाघर.
पाळणाघर नऊला उघडतं.
मग तोवर कुणीतरी, म्हणतो.
"कुणीतरी" हा शब्द तो असा उच्चारतो
जणू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पावशेर.

तर रविवारी ती आली सुरगाण्याहून, मामाबरोबर.
योगिता भोये. एकोणीस पूर्ण.
पिशवीत नागलीचं पीठ.
"आंबील करून देत जाईन. माझ्या भावाला मीच वाढवलं."
मी विचारलं, मग आता त्याच्याकडे कोण बघतं?
"तोच बघतो आता. म्हशीकडे."
आणि निहारने,
जो माझ्या सख्ख्या बहिणीकडेही जात नाही,
तिची वेणी मुठीत धरली ती सोडेचना.
मला बरं वाटलं.
पुढच्याच क्षणी तितकंसं नाही.

वीजबिलाच्या पाठीवर आमचे प्रश्न लिहिलेले होते.
मोबाइल किती वेळ, सणाला किती दिवस,
ताप आला तर आधी फोन कुणाला.
पगाराचा आकडा मी मनातल्या मनात
माझ्या पगाराला भागून पाहिला, आणि कागद उलटा ठेवला.
श्रीरंग म्हणाला, घरातलीच समजू आम्ही.
मामाने मान डोलावली.
तिने नाही.

ती म्हणाली, "झोपायचं कुठे?"

खोली दाखवली. खोली म्हणजे
इस्त्रीचं टेबल, हवा गेलेली सायकल,
मागच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर,
आणि मधे एक पलंग मावेल एवढी जागा.
टेपने मोजून ठेवली होती मी, सहा बाय अडीच.
तिने जागेकडे पाहिलंच नाही.
आत जाऊन दार लोटलं.
मी बाहेर उभी, माझ्याच घरात, ताटकळत.
मग फटीतून, मामाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू:
"ताई, आतून कडी नाही."

खरंच नव्हती.
चार वर्षं हप्ते भरतोय या फ्लॅटचे.
त्या दाराची आतली बाजू मला माहीत नव्हती.

रात्री श्रीरंग म्हणाला, कडी कशाला?
बाळ रडलं तर उठणार कशी ती?
त्याचं चूक नव्हतं. बाळ रडतं.
मी म्हटलं, बघू.
एकोणिसाव्या वर्षी मी
गंगापूर रोडला आत्याच्या दिरांकडे राहायचे, शिकायला.
रोज रात्री दाराला ट्रंक सरकवून झोपायचे,
ओढताना आवाज नको म्हणून खाली सतरंजी.
कुणी काही केलं नाही कधी.
ट्रंक मात्र रोज.
हे त्याला सांगितलेलं नाही, दहा वर्षांत.
काल रात्रीही नाही सांगितलं.

आज रविवार कारंजावर गेले, निहारला पोटाशी बांधून.
दुकानदार म्हणाला, चार इंची की सहा?
मी म्हटलं, जी बाहेरून उघडत नाही ती.
तो हसला. कडी बाहेरून कशी उघडेल, बाई?

मामाला अजून फोन केलेला नाही.
आमचं ठरलेलं नाही.
तिचंही ठरलं नसेल, हे मला
कडीचे ऐंशी रुपये मोजताना सुचलं.
खैरनारांकडून ड्रिल मागून आणलंय, टेबलावर आहे.
चार स्क्रू होते पुडीत.
तीन दिसतायत.
निहार, तोंड उघड.
उघड बघू, आ कर.